नळीने जेवणारा माणूसही घरातलाच!

रुग्णालयातून सुट्टी मिळाली म्हणजे आजारातून सुटका झाली, असे दरवेळी होत नाही. पुष्कळ वेळा खरी परीक्षा त्यानंतरच सुरू होते. अर्धांगवायूचा झटका आलेला, तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगाचे ऑपरेशन झालेला, अपघातात डोक्याला मार लागलेला रुग्ण घरी येतो तेव्हा त्याच्या नाकात किंवा पोटावर एक बारीक नळी असते. हातात औषधांची चिठ्ठी, एक मोठी सिरिंज आणि परिचारिकेने घाईघाईत दिलेल्या चार सूचना. "दर अडीच तासांनी नळीतून द्या, गाळून द्या, झोपवून देऊ नका." एवढ्या शिदोरीवर घरच्यांना महिने काढायचे असतात. काहींना वर्षेही काढावी लागतात.

नळीतून काय द्यायचे हे कसेबसे कळते. परंतु त्या माणसाचे जगणे कसे राहील, याचा विचार कोणी शिकवत नाही. त्याला चव नाही, पंगत नाही, पुष्कळदा बोलताही येत नाही. घरात माणसे असून तो एकटा पडतो. त्याच्या उशाशी रात्रंदिवस राबणारी सून, पत्नी किंवा मुलगी तीही एकटी पडते. या दोघांचे दिवस थोडे सुसह्य कसे होतील, याविषयी आज थोडे सविस्तर बोलू.

नळी म्हणजे शेवट नव्हे

नळी लावली की आपल्याकडे घरात रडारड सुरू होते. "आता काही खरे नाही," असे शेजारीपाजारी म्हणू लागतात. ही समजूत चुकीची आहे. गिळण्याचे काम बंद पडले, तरी पोट आणि आतडी बहुधा व्यवस्थित काम करीत असतात. अशा वेळी अन्न पोटापर्यंत पोचविण्याची वाट म्हणजे ही नळी.

ही कल्पना नवी नाही. सन 1790 च्या सुमारास इंग्लंडमधील जॉन हंटर या शल्यवैद्याने गिळता न येणाऱ्या एका रुग्णाला ईल माशाच्या कातड्याची नळी करून पोटात अन्न पोचविले होते, आणि तो रुग्ण बरा झाला. आज आपण जिला 'रायल्स ट्यूब' म्हणतो ती नाकातली नळी डॉ. जॉन रायल या इंग्रज डॉक्टरांच्या नावाने ओळखली जाते. तिचा काळ 1921 चा. पोटावर छोटे छिद्र पाडून, मोठे ऑपरेशन न करता, दुर्बिणीच्या साहाय्याने थेट जठरात नळी बसविण्याची पद्धत 1979 साली अमेरिकेत डॉ. गॉडरर आणि डॉ. पॉन्स्की यांनी प्रथम वापरली. तिला डॉक्टर 'पेग' म्हणतात.

झटका आलेल्या पुष्कळ रुग्णांचे गिळणे काही आठवड्यांत सुधारते. तोंडाच्या ऑपरेशननंतर जखम भरेपर्यंतच नळी ठेवतात. म्हणून प्रत्येक फेरतपासणीला डॉक्टरांना न लाजता विचारावे, "साहेब, गिळण्याची तपासणी पुन्हा केव्हा करायची?" मोठ्या रुग्णालयांत गिळण्याचे व्यायाम शिकविणारे तज्ज्ञ असतात. हा प्रश्न कोणी विचारला नाही म्हणून गरजेपेक्षा अधिक काळ नळी राहिली, असे होऊ देऊ नये.

नाकातली की पोटावरची?

नाकातली नळी थोड्या दिवसांसाठी चांगली. चार ते सहा आठवड्यांहून अधिक काळ नळी लागणार असे दिसले, तर पोटावरच्या नळीचा विचार करावा, असे डॉक्टर सांगतात. नाकातली नळी टोचते, घसा दुखतो, नाकपुडीला जखम होते, झोपेत ओढली जाते. शिवाय ती चेहऱ्यावर दिसते. नाकातून लोंबणारी नळी घेऊन माणूस दारात बसायला लाजतो, आरशात पाहायचे टाळतो, लहान नातवंडे जवळ यायला भितात. पोटावरची नळी सदऱ्याखाली झाकली जाते. चेहरा मोकळा राहतो. जखम भरल्यावर आंघोळ करता येते, बाहेर फिरता येते.

"पोटाला भोक" म्हटले की घरचे घाबरतात आणि नकार देतात. नकार देण्यापूर्वी ती नळी असलेला एखादा रुग्ण दाखवायला डॉक्टरांना सांगावे, आणि निर्णय घेताना रुग्णालाही विचारावे. नळी त्याच्या शरीरात राहणार आहे.

कुसगावसारख्या गावातले घर

लोणावळ्याला लागून असलेले आपले कुसगाव. अशा गावातले एक घर डोळ्यांसमोर आणा. सासरे आयुष्यभर अंगमेहनत करून थकलेले आणि आता अर्धांगाने पडलेले. मुलगा हॉटेलात कामाला, त्याची पाळी कधी दिवसाची तर कधी रात्रीची. सून बंगल्यांमध्ये धुणीभांडी, साफसफाई करते. दोन मुले शाळेत. घरात दोन खोल्या.

आता हिशेब करू. सकाळी 6, साडेआठ, 11, दीड, 4, साडेसहा आणि रात्री 9, असे दिवसातून सात वेळा नळीतून द्यायचे. अन्न तयार करणे, गाळणे, रुग्णाला उठवून बसविणे, सावकाश सोडणे, नळी पाण्याने धुणे, भांडी स्वच्छ करणे, असे प्रत्येक वेळी 40 मिनिटे धरली तरी दिवसाचे 4 तास 40 मिनिटे झाली. यात आंघोळ, कपडे, कूस बदलणे, औषधे आलीच नाहीत. हे सगळे एकट्या सुनेने करायचे म्हटले तर तिची बंगल्यावरची कामे सुटतात आणि घरात येणारा पैसा नेमका खर्चाच्या दिवसांत आटतो.

कुसगावहून पुणे साठ-पासष्ट किलोमीटर. नळी निघाली, अडकली की प्रत्येक वेळी लोणावळा स्टेशन गाठायचे, लोकल पकडायची किंवा गाडी करायची, एकाने रजा टाकायची. पावसाळ्यात तर विचारू नका. लोणावळ्याचा पाऊस सर्वांना ठाऊक आहे. कपडे वाळत नाहीत, वीज गेली की मिक्सर बंद. म्हणून अशा घरात जुना पाटा-वरवंटा किंवा रवी, बारीक गाळणी आणि मलमलच्या फडक्याचे तीन-चार तुकडे कायम हाताशी असावेत. फडके दरवेळी उकळत्या पाण्यातून काढावे. ओलसर, कुबट फडक्याने गाळलेले अन्न म्हणजे जुलाबांना आमंत्रण.

नळीतून देण्याची रीत

रीत अवघड नाही, पण तिच्यात घाई चालत नाही.

देण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत. रुग्णाला पाठीशी उशा देऊन बसते करावे. डोके आणि छाती निदान 30 ते 45 अंश वर हवी. नाकातली नळी नाकपुडीपाशी जिथे असायला हवी तिथे मार्करने खूण केलेली असावी. ती खूण जागेवर आहे का हे प्रत्येक वेळी पाहावे. तोंड उघडून घशात नळी गुंडाळलेली नाही ना, हेही पाहावे. खूण सरकली असेल तर काहीही सोडू नये. नळी श्वासाच्या वाटेकडे गेली असेल तर अन्न थेट फुप्फुसात जाते, आणि त्यात जीव जाऊ शकतो. नळीतून हवा सोडून पोटात आवाज ऐकण्याची जुनी पद्धत भरवशाची नाही. नळीतून थोडा पाचक रस ओढून तो आम्लतेच्या कागदी पट्टीवर तपासणे अधिक खात्रीचे असते. ते सुट्टी मिळण्यापूर्वी परिचारिकेकडून शिकून घ्यावे.

मग सिरिंजचा दट्ट्या काढून ती नरसाळ्यासारखी नळीला जोडावी. आधी सुमारे 30 मिलिलिटर पाणी. नंतर कोमट, पातळ, गाळलेले अन्न 200 ते 250 मिलिलिटर. सिरिंज उंच धरली की अन्न आपोआप उतरते. दट्ट्याने जोरात ढकलू नये. पंधरा ते वीस मिनिटे लागली पाहिजेत. घाईने सोडले की पोट फुगते आणि उलटी होते. शेवटी पुन्हा 30 मिलिलिटर पाण्याने नळी धुवून बंद करावी. त्यानंतर रुग्णाला पाऊण तास ते तासभर तसेच बसलेले ठेवावे. लगेच आडवे करणे हीच सर्वांत मोठी आणि सर्वांत वारंवार होणारी गफलत आहे.

औषधाची प्रत्येक गोळी वेगळी बारीक करून पाण्यात विरघळवावी. दोन औषधांच्या मध्ये थोडे पाणी सोडावे. सगळ्या गोळ्या एकत्र कुटून अन्नात मिसळू नयेत, नळी हमखास तुंबते. काही गोळ्या तर मुळीच कुटायच्या नसतात. त्या पोटात हळूहळू विरघळण्यासाठी केलेल्या असतात. त्यांच्याऐवजी पातळ औषध मिळेल का, हे डॉक्टरांना विचारावे.

नुसत्या पेजेवर माणूस खंगतो

नळीवरच्या रुग्णांची सर्वांत मोठी उपेक्षा अन्नाच्या बाबतीत होते. आपल्या घरांत आजाऱ्याला पेज, वरणाचे पाणी, नारळपाणी, चहा देतात. दोन दिवसांच्या तापाला ते ठीक. महिनोन्महिने त्यावरच ठेवले तर नळी असूनही माणूस उपाशी राहतो. हाडे दिसू लागतात, पाठीला जखमा होतात, आणि लोक म्हणतात, आजारानेच खाल्ले.

साधारण 50 किलो वजनाच्या मोठ्या माणसाला रोज 1250 ते 1500 कॅलरी आणि 50 ते 60 ग्रॅम प्रथिने लागतात. हे आपल्या स्वयंपाकघरातून देता येते. नमुना म्हणून एका दिवसाचा हिशेब पाहा: गाईचे दूध 1 लिटर, उकडलेली अंडी 2, डाळ 50 ग्रॅम, तांदूळ 50 ग्रॅम, नाचणीचे पीठ 30 ग्रॅम, तेल 4 छोटे चमचे, साखर 5 छोटे चमचे. एवढ्यात सुमारे 1500 कॅलरी आणि 60 ग्रॅमच्या आसपास प्रथिने बसतात. डाळ-तांदूळ मऊ शिजवून, वाटून, गाळून एक-दोन वेळा. नाचणीचे सत्त्व दुधात शिजवून एक-दोन वेळा. अंडी पूर्ण उकडून दुधात घोटून एक-दोन वेळा. बाकीच्या वेळी दूध. तेल यातच मिसळावे. दूध इतके परवडत नसेल तर डाळ वाढवावी, डाळ्याचे पीठ शिजवून द्यावे. कच्चे अंडे कधीही घालू नये. पाणी वेगळे मोजून द्यावे, कारण ज्याला बोलता येत नाही त्याला तहान लागल्याचे सांगता येत नाही. लघवी गडद पिवळी दिसू लागली की पाणी कमी पडते आहे असे समजावे.

हा केवळ नमुना आहे. मधुमेह, मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा आजार असेल तर प्रमाण बदलते. तिथे रुग्णालयातील आहारतज्ज्ञांकडून कागदावर लिहूनच घ्यावे. बरेच दिवस उपाशी राहिलेल्या रुग्णाला एकदम पूर्ण आहार देऊ नये, डॉक्टरांच्या सल्ल्याने वाढवीत न्यावा. डब्यातली पावडर सोयीची असते, पण महाग पडते. ती पुरविण्यासाठी पातळ करून दिली तर तिचा उपयोग राहत नाही. आठवड्यातून एकदा वजन करता आले तर उत्तम. नाही तर दंडाचा घेर एका दोरीने मोजून ठेवावा.

तयार केलेले अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. उरलेले पुन्हा गरम करून देऊ नये.

चोरून पाजलेला चहा

आता एका नाजूक गोष्टीविषयी. माणूस हाताने खूण करतो, डोळ्यांत पाणी आणतो, एक घोट चहा मागतो. घरच्यांचे काळीज विरघळते. डॉक्टरांनी तोंडाने काही देऊ नका म्हणून बजावलेले असते, तरी कोणी तरी माया म्हणून दोन चमचे चहा पाजते. पुष्कळदा ठसकाही लागत नाही, म्हणून वाटते की नीट गेला. परंतु गिळण्याच्या नसा दुबळ्या झालेल्या माणसाच्या फुप्फुसात चहा शिरला तरी त्याला खोकला येईलच असे नाही. दोन-चार दिवसांनी ताप येतो, धाप लागते आणि न्यूमोनिया होतो.

मग काय, त्या माणसाने चव कायमची विसरायची? तसेही नाही. डॉक्टरांना स्पष्ट विचारावे, "यांना चवीपुरते काय देता येईल?" काहींना दाट पदार्थाचा छोटा चमचा चालतो आणि पातळ चहा-पाणी चालत नाही. काहींना ओठांवर, जिभेच्या टोकावर बोळ्याने चव लावता येते. काहींना काहीच चालत नाही. हे रुग्णागणिक ठरते, आणि ते तपासूनच ठरवायचे असते. बुद्धपौर्णिमेला घरोघर खीर होते. त्या दिवशी पलंगावरच्या माणसाला खिरीचा वास तेवढा येतो. परवानगी असेल तर त्याच्या ओठांवर ती चव अवश्य लावावी, आणि पातळ गाळलेली खीर नळीतूनही द्यावी. आज घरात खीर झाली आणि ती आपल्यालाही मिळाली, हे त्याला कळले पाहिजे.

तोंडाने खात नाही म्हणून तोंड धुवायचे नाही, असा समज पुष्कळ घरांत दिसतो. खरे तर अशा माणसाचे तोंड अधिक कोरडे पडते, जिभेवर थर साचतो, जंतू वाढतात आणि ते छातीत उतरतात. सकाळ-संध्याकाळ मऊ ब्रशने किंवा ओल्या, पिळलेल्या फडक्याने दात, जीभ, हिरड्या पुसाव्यात. मधून मधून ओठ ओले करावेत, त्यांना तूप लावावे. एवढ्यानेही रुग्णाला केवढे बरे वाटते, हे करून पाहिल्यावरच कळते.

तो पाहतो, ऐकतो

बोलता येत नाही म्हणजे कळत नाही, असे धरून आपण त्याच्यासमोरच बोलत असतो. किती पैसे गेले, किती दिवस चालणार, कोण कंटाळले आहे. तो सगळे ऐकत असतो. आल्या-गेल्या पाहुण्यांनी दारातूनच "कसं आहे आता?" असे सुनेला विचारून जाऊ नये. त्याच्याजवळ जावे, जयभीम घालावा, हात हातात घ्यावा, गावातली बातमी त्यालाच सांगावी. "हो"साठी एकदा डोळे मिटणे, "नाही"साठी दोनदा, अशी खूण ठरविता येते. लिहिता येत असेल तर पाटी-पेन्सिल द्यावी. नसेल तर पाणी, दुखणे, संडास, पंखा, अशी चित्रे एका पुठ्ठ्यावर मुलांकडून काढून घ्यावीत. मुलांची भीतीही त्याने जाते.

घरचे जेवायला बसतात तेव्हा त्याला कुठे ठेवायचे, हा प्रश्न त्यालाच विचारावा. काहींना सर्वांमध्ये बसायला आवडते; त्यांची नळीची वेळ घरच्या जेवणाशी जुळवून घ्यावी. काहींना अन्नाच्या वासाने जीव नकोसा होतो. त्यांची खाट त्या वेळी दारापाशी, उजेडात न्यावी. नळीत सोडण्यापूर्वी, "मामा, आता नाचणी देते हं," असे सुनेने सांगितले तर ते जेवण होते. न सांगता ओतले तर नुसते भरणे होते.

गोंधळलेला रुग्ण नळी ओढतो म्हणून त्याचे हात पलंगाला बांधतात. हात बांधण्यापूर्वी तो का ओढतो ते पाहावे. नाकावरची चिकटपट्टी खाजते का? नळी नाकपुडीला घासते का? संडास-लघवीची अडचण आहे का? पट्टी रोज बदलावी, थोडी जागा बदलून चिकटवावी. गरज पडली तर हातांना सैल कापडी पिशव्या घालाव्यात, हातात रुमालाची गुंडाळी द्यावी. बांधलेले हात हा अगदी शेवटचा मार्ग, आणि तोही डॉक्टरांना विचारून.

सेवा काय करू शकते याचे एक उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर 1973 मध्ये पाशवी अत्याचार झाला आणि त्यांच्या मेंदूला कायमची इजा झाली. 18 मे 2015 रोजी त्यांचे निधन झाले. चाळीसहून अधिक वर्षे त्या रुग्णालयातील परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांना हाताने मऊ अन्न भरविले, पुढे गरज पडली तेव्हा नळीनेही दिले, आणि इतकी वर्षे अंथरुणाला खिळूनही त्यांच्या अंगाला जखमा होऊ दिल्या नाहीत. आवडीचे अन्न मिळाले की त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसे, हेही सर्वोच्च न्यायालयापुढे नोंदले गेले. तिथे मात्र पाळ्या वाटून घेणारे अनेक हात होते. आपल्या घरात एकच जोडी हात असते.

सेवा करणारीची काळजी कोण घेणार?

हा भार बहुतेक घरांत स्त्रीवर पडतो. तिची झोप मोडते, पाठ धरते, कामाचे पैसे बुडतात, आणि थोडे चुकले तर बोलणीही तिलाच. भगवान बुद्धांनी अतिसाराने लोळत पडलेल्या भिक्खूला आनंदाच्या मदतीने स्वतः आंघोळ घातली, हा प्रसंग आपल्या घरांत सर्वांना ठाऊक आहे. विनयाच्या त्याच भागात शुश्रूषा करणाऱ्याचे गुण सांगितले आहेत. त्याला औषध तयार करता यावे, पथ्य-कुपथ्य कळावे, मलमूत्राची किळस नसावी, आणि रुग्णाचे मन प्रसन्न करता यावे. त्यात हे काम बायकांचेच असे कुठेही म्हटलेले नाही. मुलाने, भावाने, जावयाने नळीतून द्यायला शिकायलाच हवे. सुट्टीपूर्वी रुग्णालयात घरातल्या निदान दोघांनी परिचारिकेसमोर स्वतःच्या हाताने करून दाखवावे, आणि त्यांतला एक पुरुष असावा. रात्री 9 ची आणि सकाळी 6 ची वेळ त्याने घेतली तरी त्या बाईला सलग झोप मिळते.

वस्तीतल्या महिला मंडळानेही मनावर घ्यावे. आठवड्यातून दोन दुपारी कोणी येऊन रुग्णापाशी बसले, तर ती बाई डोळा लावील, बाजारला जाईल, मुलाच्या शाळेत जाऊन येईल. पाहुण्यांनी फळांची पिशवी आणण्याऐवजी एक सिरिंज, दुधाची पिशवी किंवा अंडी आणली तर ती कामी येतील.

मदत कुठे मिळेल?

सरकारी आणि महापालिकेच्या रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक असतात. खर्चाची अडचण त्यांच्यापाशी सांगावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपला आजार बसतो का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे शिधापत्रिका आणि आधार कार्ड दाखवून विचारावे. धर्मादाय न्यासांच्या मोठ्या रुग्णालयांनी 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्यात, अशी योजना मुंबई उच्च न्यायालयाच्या 2006 सालच्या आदेशाने लागू आहे. ही भीक नाही, हा हक्क आहे. कर्करोगाचा रुग्ण असेल तर पुण्यात वारज्याला 1997 पासून सिप्लाचे परिहार सेवा केंद्र आहे. तिथे रुग्णाच्या वेदना कमी करण्याबरोबरच घरच्यांना सेवा शिकवितात आणि त्यासाठी पैसे घेत नाहीत. मावळातल्या रुग्णांना तळेगाव दाभाड्याचे रुग्णालय, पिंपरीचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आणि पुण्याचे ससून लोकलच्या मार्गावर पडतात. गावातल्या आशाताईंना रुग्णाची माहिती देऊन ठेवावी. नळी बदलण्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवली तर अवेळी धावपळ टळते.

नको म्हणण्याचाही हक्क

एक प्रश्न घरात कोणी मोठ्याने विचारीत नाही. माणूस शुद्धीवर आहे आणि नळी नको म्हणतो, तर? त्याचे म्हणणे ऐकले पाहिजे. तो का नको म्हणतो? दुखते म्हणून, घरच्यांवर ओझे होते म्हणून, की खरोखर आता पुरे झाले म्हणून? पहिल्या दोन कारणांवर पुष्कळदा उपाय असतो. तिसऱ्या कारणावर डॉक्टरांसमोर, सर्वांनी बसून बोलावे. आपल्यावर कोणते उपचार करू नयेत हे आधी लेखी सांगून ठेवण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने 9 मार्च 2018 रोजी मान्य केला आहे. खूप वृद्ध, स्मृतिभ्रंशाच्या शेवटच्या अवस्थेतील माणसाला नळीने आयुष्य वाढते असे दिसून आलेले नाही. तिथे मांडीवर डोके घेऊन, जेवढे जाईल तेवढे सावकाश हाताने भरविणे अधिक बरे, असे आज बहुतेक तज्ज्ञ म्हणतात. अशा वेळी नळी नाकारणाऱ्या मुलांना "बापाला उपाशी मारले" असे बोलू नये.

भिंतीवर लावायचा कागद

पुढील गोष्टी मोठ्या अक्षरात लिहून रुग्णाच्या खाटेजवळ लावाव्यात, म्हणजे घरात कोणीही असले तरी गोंधळ होणार नाही.

नळीतून देताना खोकला, धाप किंवा ओठ निळे पडणे: ताबडतोब थांबवा, रुग्णाला बसते ठेवा, 108 ला फोन करा.

नाकातली नळी निघाली: घरी पुन्हा घालू नका. तोंडानेही काही देऊ नका. दवाखान्यात न्या.

पोटावरची नळी निघाली: छिद्र काही तासांतच बुजू लागते. स्वच्छ फडके झाकून त्याच दिवशी, लगेच रुग्णालय गाठा.

नळी तुंबली: कोमट पाणी हलक्या हाताने सोडून पाहा. तार, काडी घालू नका, जोर लावू नका.

पोट फुगले, वारंवार उलटी झाली, काळी संडास झाली, ताप आला, पोटावरच्या नळीभोवती पू आला: त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

शेवटी एवढेच सांगायचे की, या नळ्यांपैकी पुष्कळ नळ्या तंबाखू, गुटखा आणि मिश्रीमुळे लागतात. गुटख्यावर महाराष्ट्रात 2012 साली बंदी आली, तरी पुड्या मिळतात हे आपण पाहतोच. तोंडात न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड कमी उघडणे, आवाज बसून तीन आठवडे न सुटणे, यांपैकी काहीही दिसले तर दुखत नाही म्हणून थांबू नये. आपल्या घरातल्या आजीची मिश्री आणि तरुण पोराची पुडी, दोन्हीविषयी आजच बोलावे.